पहिलं आवतन खुंट्याला

आधीच सांगते, मी मेडिकलवाली बाई आहे. भंडाऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. ताप आलेल्या लेकराला आधी अंगारा लावून मग माझ्याकडे आणणाऱ्यांना मी काउंटरवरूनच झापते. भूतबित, नजर, करणी... आपल्याला यातलं काही म्हणजे काही पटत नाही. या सदरातले अनुभवसुद्धा मी हसायला म्हणूनच वाचत आले. पण आमचे हे म्हणाले, "प्रत्येक लग्नात सांगत बसतेस, एकदा लिहून टाक ना बाई!" म्हणून लिहिते.

माझं माहेर तुमसरचं. धाकटी बहीण मीनू नोकरीसाठी पोलंडला गेली आणि तिथल्याच टोमाश नावाच्या मुलाशी लग्न करते म्हणाली. उंचापुरा, हसरा, भाजीभाकरी बोटं चाटून खाणारा पोरगा. मला पहिल्या दिवशीच आवडला. बाबांना नाही. आमची आई लवकर गेली, मीनूला बाबांनीच वाढवलं, त्यामुळे ती त्यांच्याविरुद्ध जायलाही तयार नव्हती. रोज फोनवर रडायची. शेवटी बाबांनी एकदाचा होकार दिला, तोही अटीवर.

"लगन तुमसरात, आपल्या रीतीनं, गोरजावर. बैलं घरी यायच्या वेळेले आपल्या घरचे सारे लगनं लागले. वेळ टळली, त मंग मले नोका विचारू."

बाबा एकदा बोलले की बोलले.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्नाचं पहिलं आवतन, म्हणजे जेवणाचं बोलावणं, आमच्याकडे घरच्या बैलांना देतात. कोठ्यात जायचं, बैलाच्या कपाळाला हळदीच्या अक्षता लावायच्या आणि लग्नाला या म्हणायचं. पण बैल होते कुठे? जोडीतला शेवटचा चांद्या आदल्या वर्षीच गेला होता, दारात ट्रॅक्टर आला होता आणि कोठ्यात पाहुण्यांच्या स्कूटी लागल्या होत्या. तरी बाबांनी माझ्या हातात ताट दिलं.

"जा, चांद्याले आवतन देऊन ये."

"बाबा, चांद्या मेला!"

"मंग? घरचा नाही का तो?"

चांद्या म्हणजे बाबांचा जीव. आमची शेती सिहोऱ्याकडे. दिवसभर राबून बाबा बैलगाडीत झोपून जायचे आणि चांद्या बरोबर तुमसरच्या आमच्या दारात आणून उभी करायचा गाडी. शेवटच्या वर्षी त्याचं डावं शिंग मोडून गालावर लोंबलं होतं, तरी ऐट काही गेली नव्हती. ते सगळं खरं... पण मेलेल्या बैलाला आवतन? मी फणफणत गेले, त्याच्या रिकाम्या खुंट्यावर अक्षता फेकल्या आणि म्हटलं, "या बैलोबा, जेवायला या! येताना नवरदेवाला पण घेऊन या!" स्कूटी काढायला आलेली आमची काकू फिदीफिदी हसली. मीही हसले.

लग्नाच्या दिवशी सकाळी टोमाशला हळद लागली. हातात कट्यार दिली, तिच्या टोकाला लिंबू. मी त्याला बजावलं, "लग्न लागेपर्यंत ही हातातून सोडायची नाही." मीनूने त्याला समजावून सांगितलं, त्यानेही शाळकरी पोरासारखी मान हलवली. मग त्याला स्टेशनजवळच्या लॉजवर नेऊन सोडलं. तिथेच वऱ्हाडाचा जानोसा होता.

दुपार कलली, बँडवाले लॉजवर गेले... आणि नवरदेव गायब! खोलीत त्याचा मोबाईल चार्जिंगला लावलेला. सोबतचे दोन मित्र घोरत पडलेले.

अरे देवा! हे आणि माझे चुलतभाऊ मोटरसायकली घेऊन सुटले. बसस्टँड, बाजार, राइस मिलच्या गल्ल्या, कुठ्ठं नाही. त्या दिवशी लग्नाची दाट तिथ, गल्लोगल्ली मांडव, जिकडेतिकडे बँड. गर्दीत माणूस शोधणार कसा?

"पळाला वाटते माय," काकू मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजली. "गोऱ्यायचं काय सांगता येते!"

"काकू, तू गप बस!" मी ओरडलेच. आत मीनू शालू नेसून बसलेली, काजळ सगळं गालावर. "ताई, तो नाही पळणार गं," एवढंच म्हणत होती. बाबा मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. ऊन उतरत चाललं होतं आणि भटजी सारखे आकाशाकडे पाहत होते. बाबा आता उठतील आणि नाही म्हणतील... मग ते मोडलेलं परत कोणी जोडू शकणार नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली. बैलाच्या गळ्यातली असते ना, जाड आवाजाची, तशी. बाबा खुर्चीतून ताडकन उठले. मी धावत बाहेर गेले, तर धुळीतून टोमाश चालत येतोय! एकटाच. पिवळाधम्मक, घामाघूम, एका हातात कट्यार-लिंबू, दुसऱ्या हातात झेंडूचा गुच्छ, तोही अर्धाच. मागेपुढे काही नाही. बैल नाही, गाडी नाही.

मी त्याला आधी मिठी मारली आणि मग शिव्या दिल्या.

त्याने जे सांगितलं ते मीनूने हसत-रडत आम्हाला सांगितलं. त्यांच्याकडे नवरदेव नवरीसाठी फुलं घेऊन जातो. तीच आणायला गडी निघाला, झेंडू घेतला आणि परतताना दोन वळणांत रस्ता चुकला. मी बजावलेली कट्यार अर्थातच हातात! मग काय, ज्याला रस्ता विचारावा तो कट्यार पाहून म्हणे, "अरे, नवरदेव चुकला वाटते!" आणि मोठ्या मायेने त्याला गाडीवर बसवून सर्वात जवळच्या मांडवात नेऊन सोडे. पहिल्या मांडवात त्याला मठ्ठा पाजला. दुसऱ्यात जिलबी खाऊ घातली, नवरीच्या मामांनी गळ्यात हार घातला आणि मग खरा नवरदेव घोड्यावरून आला! तिसऱ्या मांडवात तर सगळ्यांनी त्याच्याबरोबर सेल्फी काढून घेतले. मुलगी कुणाची, घर कुठलं, हे त्याला कुणी विचारलंच नाही. नवरदेव आहे म्हणजे मांडवातच पोहोचवायचा, संपलं! आमची माणसं अशी. मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकूसुद्धा.

"शेवटी तो एका बोडीच्या पाळीवर जाऊन बसला," मीनू म्हणाली. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. "रडायलाच आलं होतं म्हणे त्याला. तिथं एक पांढरा बैल आला. त्याच्या हातातली फुलं खाल्ली आणि चालायला लागला. थोडा गेला की थांबून मागं पाहायचा. म्हणून हा त्याच्या मागं मागं आला. आत्ता गल्लीच्या तोंडाशी होता म्हणतो..."

बाबा पुढे झाले. त्या दिवसापर्यंत ते टोमाशशी थेट एक शब्द बोलले नव्हते.

"शिंगं कसे होते रे त्याचे?"

मीनूने विचारायच्या आत टोमाशला कळलं. त्याने दोन्ही हात डोक्याशी नेले. उजवा वर धरला. डावा हळूच खाली, गालाजवळ लोंबता सोडला. मग काहीतरी आठवल्यासारखं बोट कपाळाला लावलं आणि पोलिशमध्ये बोलला.

"म्हणतो, कपाळावर पिवळे तांदूळ चिकटले होते," मीनू म्हणाली.

ते तांदूळ मी खुंट्यावर फेकले होते.

बाबांनी टोमाशच्या हातातला अर्धा खाल्लेला गुच्छ घेतला, त्याच्यावरून हात फिरवला आणि ढसाढसा रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"चांद्यानं घरी आनला ह्याले," ते म्हणाले. "आता मी कोन होतो नाही म्हणनारा? वाजवा रे!"

बँड वाजला, अंतरपाट धरला, गोरजावरच लग्न लागलं. मीनूने तो अर्धा गुच्छच हातात घेतला.

मी सोडते की काय! दुसऱ्या दिवशी खोदून खोदून विचारलं. मीनूने शपथ घेतली, शिंगाचं तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं. सांगणार कशी, शिंग मोडलं तेव्हा ती पोलंडला होती आणि आम्ही तिला कळवलंही नव्हतं. तसा बैल कुणाकडे आहे का, म्हणून अर्धं तुमसर पालथं घातलं. नाही. उन्हानं टोमाशचं डोकं फिरलं असेल, हेही म्हणून पाहिलं... पण ती घंटी तर मीही ऐकली होती. बाबांनीही.

दुकानात अंगारेवाल्यांना अजून झापतेच. फक्त यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा ताट घेऊन मी स्वतः तुमसरला गेले. बाबा आता थकलेत, ते अंगणातूनच पाहत होते. मी कोठ्यात खुंट्याजवळ बसले, अक्षता नीट लावल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हटलं, "चांद्या, पोरगा बंगलोरचा आहे बरं बावा. त्याले इकडचा रस्ता नाही माहीत."