भांगाच्या दिवशी आलेलं पाणी

टीव्हीवर 'विक्रमी पाऊस' असं ऐकलं की माझे खांदे आधीच दुखायला लागतात. विक्रम कायम दुसऱ्याच्या नावावर. कधी आंबोली, कधी महाबळेश्वर, कधी माथेरान. पहिल्या दोघांचं मला काही नाही. पण माथेरानला पडलेलं पाणी गाढी नदीतून खाली आमच्या पनवेलला येतं. विक्रम त्यांचा आणि चिखल आमचा.

आमचं घर बैठं, खाडीच्या अंगाला. रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेला, घर होतं तिथेच राहिलं. त्यामुळे अशी बातमी आली की गाद्या, मिक्सर, तांदळाचा डबा, सिलिंडर, सगळं वर चढवायचं. पाणी आलं नाही की पुन्हा उतरवायचं. नवरा न्हावा शेवाला ट्रेलरवर, तो नेमका तेव्हाच बंदराच्या रांगेत अडकलेला.

चढवायचं की नाही, ते सासरे, म्हणजे आबा, ठरवायचे. त्यांचा जन्म मिठागरात गेला. बांध सांभाळायचा तर भरती कळायला हवी, आणि ती तिथीवरून कळते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला भरतीत जोर नसतो, खाडीत जागा असते, नदीचं पाणी निघून जातं. पक्षाघाताने त्यांचे पाय गेले, पण पलंगावरून कॅलेंडर बघून निकाल द्यायचा अधिकार शाबूत होता. आणि ते चुकत नसत.

त्या जुलैत माथेरानला रात्रभर कोसळला. सकाळी इकडे नुसती भुरभुर. मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या जाऊबाई सांगायला आल्या, आबांना आत्ताच वर आणा. मला तेच हवं होतं. पाणी आल्यावर त्यांना एकटीने कसं उचलणार, हीच माझी भीती.

"आबा, चला ना वर."

"आज अष्टमी हाय. भांगाचं पानी. घाबरतंस कशाला गो? र्‍हाऊ दे सगला, बस जरा."

मी बसले. खरं सांगायचं तर मला बसायचंच होतं. चहा केला, दोघांनी घेतला.

दुपारी पाणी आलं ते खाडीकडून नव्हे, मागच्या दाराने, नदीच्या बाजूने. मी उंबऱ्याला पोती लावेपर्यंत ते पलंगाच्या पायांना लागलं. मी ओरडत सुटले. सासऱ्यांनी मात्र हात खाली सोडला, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारा नाय," ते म्हणाले. "डोंगराचा पानी हाय."

खाडीत जागा होती, त्यांचं गणित बरोबरच होतं. पण नदी आणि खाडीच्या मधल्या मिठागरांवर केव्हाच भराव पडून इमारती उभ्या राहिल्यात. खाली उतरायला वाटच नव्हती, म्हणून पाणी आमच्या घरात थांबलं. जावेच्या मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मांडीभर पाण्यातून वर नेलं. ते कुणाकडेही बघत नव्हते. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त त्यांची दया येत होती.

गाद्या गेल्या, फ्रिज गेला. त्याचं आता काही वाटत नाही.

पुढच्या पावसात पुन्हा तीच बातमी. मी सवयीने विचारलं, "आबा, आज येईल का पाणी?"

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मना नको इचारू. मोबाइलला इचार."

मोबाइल रोजच लाल इशारा देतो. त्या दिवशी मी सगळं चढवलं, पाणी आलं नाही, सगळं उतरवलं. तेव्हापासून प्रत्येक वेळी हेच चाललंय. गरज नसेल तेव्हा 'बस जरा' म्हणणारं या घरात आता कुणी उरलेलं नाही, आणि आबा तर इथेच, माझ्यासमोर पलंगावर पडून असतात.