या वर्षी गोळी लागलीच नाही

गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. सासूबाईंची बीपीची औषधं घ्यायला मुलुंडला आमच्या बिल्डिंगखालच्या मेडिकलमध्ये गेले होते. काउंटरवरच्या शोभाताईंनी न सांगताच सोबत आणखी एक पाकीट ठेवलं... पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं.

दरवर्षीच नेते मी. घरी पाच दिवसांचा गणपती, पंचवीस माणसांचं जेवण आणि उकडीचे मोदक माझ्याकडे. त्यात "अडचण" आलेली कुणालाच चालत नाही.

"या वर्षी नकोत, आलीच नाहीये बरेच दिवस," मी जरा ऐटीतच म्हटलं. चेंबूरची माझी जाऊ तर फोनवर म्हणाली होती, "नशीबवान आहेस यार! माझी बरोब्बर त्याच तारखेला."

शोभाताई हसल्या नाहीत. "बरेच दिवस म्हणजे किती?"

मला सांगता येईना... सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी आली होती, एवढंच आठवलं. म्हणजे मे महिना! ऑपरेशन, ऑफिसात दोघींचं काम एकटीवर, झोप जेमतेम चार तास. या सगळ्यात पाळी बंद झाली आणि मी चक्क खूश होते... एक कटकट कमी.

"मोदक होतील हो. आधी डॉक्टरकडे जाऊन या," शोभाताई म्हणाल्या.

गेले. प्रेग्नन्सी नाही, थायरॉईड ठीक, सोनोग्राफीही ठीक. "ताण आणि अपुरी झोप. यानेसुद्धा पाळी थांबते," डॉक्टरबाई म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, घाबरले मी.

या वर्षी मोदक विकत आणले. सासूबाईंजवळ दुपारी एक बाई यायला लागल्या, शनिवार-रविवार जावेने वाटून घेतले. ऑफिसात जास्तीच्या कामावरून भांडण अजून चालूच आहे, पण मी झोपते.

आणि काल, ऐन घटस्थापनेच्या सकाळी... आली! जावेला फोन केला तर तीच हळहळली. "अगं, आजच? घटाचं काय आता?"

"तू ये आणि बसव," मी म्हटलं आणि मला रडूच आलं. इतकी वर्षं जिला थोपवून धरत होते, तिच्या येण्याचा एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

मग खाली मेडिकलमध्ये गेले. शोभाताईंना मनापासून थँक्यू म्हटलं आणि पॅड्स मागितले. त्या सवयीने ते वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या...

म्हटलं, "कागद राहू दे, असेच द्या."