मालवणच्या माशांना आमचं पाणी

जालन्याला एक समुद्र होता. तो तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद होता, आणि आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीशेजारच्या टेबलावर राहत असे.

तो सरांनी आणला होता. सर मालवणकडचे. जालन्याला नोकरी लागली तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, की गावात नदी आहे. (आहे. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस दिसते.) एक वर्ष सरांनी कसंबसं काढलं. दुसऱ्या वर्षी सहलीच्या निमित्ताने ते घरी गेले आणि काचेच्या मोठ्या बुधल्यांतून समुद्राचं पाणी घेऊन आले. त्या पाण्याबरोबर जिवंत पोवळ्याचा एक खडक, त्याला चिकटलेलं एक समुद्रफूल (दिसायला फूल, पण प्राणीच), पट्ट्यापट्ट्यांचे पाच मासे आणि शंखात राहणारा एक खेकडा, एवढे मालवणचे रहिवासी जालन्याला आले. मधल्या सुट्टीत सर टाकीसमोर स्टूल घेऊन बसत. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं.

या समुद्राची देखभाल माझ्याकडे होती. वीज गेली की हवेचा पंप बंद पडे. मग मी सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरायचो आणि ती नळीने हळूहळू पाण्यात सोडायचो. वर्गातली मुलं मला माशांची दाई म्हणत. मला राग येत नसे, कारण जूनमध्ये प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होणार होती. सर एकदा म्हणाले होते, "गौतम, नव्या टाकीचं काम नीट पार पाड. मग तुझ्या अर्जावर मी स्वतः शिफारस लिहितो." आमच्या घरात तोवर कुणाला पगार मिळाला नव्हता. मी कॉलेजात गेलेला पहिला. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यासाठी मला जुन्या बाजारातून एक मनगटी घड्याळ घेऊन दिलं होतं. (शिकलेल्या माणसाला वेळ बघावी लागते, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः सूर्याकडे बघत आणि कधी उशिरा पोचत नसत.)

तर नवी टाकी आली. पाच फूट लांब, लोखंडी कोनांची, जाड काचांची. आता पाणी लागणार होतं जवळजवळ दुप्पट. मालवणहून बुधले यायचे होते, ते येत नव्हते. सर रोज टपालाची वाट बघत. शेवटी एक दिवस मी, जो वर्गात हजेरीशिवाय तोंड उघडत नसे, तो उभा राहून म्हणालो, "सर, आमच्या विहिरीचं पाणी खारं आहे."

सरांनी विचारलं, किती खारं.

मी म्हणालो, "सर, त्यात डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. आणि आलेला पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही."

सर हसले. म्हणाले, आणून तर बघ, मोजू आपण, चालण्यासारखं असेल तर थोडंथोडं मिसळू.

इथे विहिरीबद्दल सांगायला हवं. आमचं गाव बदनापूरपासून चार मैलांवर. गावात दोन विहिरी. गोड पाण्याची होती ती गावाची, खाऱ्या पाण्याची होती ती आमची. ही वाटणी कुणी केली ते कुणाला आठवत नव्हतं, पण पाठ सगळ्यांना होती. छपन्न साली आमच्या लोकांनी धर्म बदलला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. दादा सांगत, त्या साली घरातलं सगळं बदललं, भिंतीवरच्या तसबिरीसुद्धा. विहीर तेवढी बदलायची राहिली. मागच्या दुष्काळात गावाची विहीर आटली, पण आमची आटली नाही. तरी गाव आमच्या विहिरीवर आलं नाही. बैलगाडीने तीन मैलांवरून पाणी आणत राहिलं. दादांना ते फार लागलं होतं. ते म्हणायचे, आपल्या पाण्याला कुणी तोंड लावत न्हाई, खारं म्हणून का आपलं म्हणून, तेही कळत न्हाई.

आणि आता कॉलेजचे एक साहेब आमचं पाणी मागत होते!

मी घरी निरोप दिला. मायनं तेलाचे रिकामे डबे राखेनं तीनतीनदा घासले. प्रत्येक डब्यात पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरलं. तिने मला एवढंच विचारलं, की मासे ते पाणी पितेत का त्यात राहतेत. मी म्हणालो, दोन्ही. ती म्हणाली, "मंग आपल्यावानीच की."

ठरलेल्या दिवशी सकाळी सरांनी आणि मी मिळून जुनी टाकी रिकामी करायला घेतली. नळी लावून समुद्राचं पाणी एका मोठ्या पिंपात काढलं. ते पिंप व्हरांड्यात ठेवलं. मासे, खेकडा आणि समुद्रफुलाचा खडक थोड्या जुन्या पाण्यासह दोन बादल्यांत ठेवले. तेवढ्यात सरांना परीक्षेच्या पर्यवेक्षणाला बोलावणं आलं. जाताना ते म्हणाले, "दोन तासांत येतो. तोवर उरलेले दगड नव्या टाकीत मांडून ठेव. पाणी मी आल्यावर भरू. मोजल्याशिवाय थेंब घालायचा नाही." पाण्याचा खारटपणा मोजायची काचनळी त्यांच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात.

मी दगड मांडायला लागलो. दादा बदनापूरहून पॅसेंजरने आले आणि स्टेशनापासून हातगाडीवर बारा डबे घेऊन कॉलेजात पोचले. गाडीत एक गंमत झाली होती, ती त्यांनी मला मागून, टाकी भरताना सांगितली. शेजारी बसलेल्या एका तहानलेल्या माणसाने त्यांच्याकडे पाणी मागितलं. दादा म्हणाले, खारं हाय. त्याला वाटलं, हा म्हातारा कंजूस आहे. त्याने जबरदस्ती ओंजळ पुढे केली, एक घोट घेतला आणि उरलेला वेळ खिडकीतून बाहेर थुंकत काढला. दादा हे अभिमानाने सांगत होते. आणि मी, विज्ञानाचा विद्यार्थी, मनातल्या मनात नोंद करत होतो: खारटपणा सिद्ध.

तर दादा आले तेव्हा मी आत, पाठमोरा. व्हरांड्यात त्यांना पिंप दिसलं. त्यातलं पाणी वर्षभराचं, पिवळट, वास मारणारं. साहेबांकडे ताजं पाणी घेऊन आलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? आमच्याकडे पाहुणा दारात दिसला की रांजणातलं शिळं पाणी आधी ओततात. पण दादा पाणी वाया घालवणारे नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि समोर प्राचार्यांच्या गुलाबांचा वाफा तहानलेला दिसला.

मी बाहेर आलो तेव्हा दादा पिंप उपडं करून ठेवत होते.

"दादा, यातलं पाणी?"

"वतलं. बुरसलं होतं, वास येऊन राह्यला होता. वाया न्हाई घातलं, झाडाला दिलं."

मालवणचा समुद्र गुलाबांच्या मुळाशी जिरत होता. वर बुडबुडेही येत होते.

प्रयोगशाळेचे शिपाई गफूरमामू धावत आले. बघितलं, कपाळाला हात लावला. तेवढ्यात वीज गेली. बादल्यांतले मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. मी ट्यूब भरू लागलो. सरांना परीक्षेच्या वर्गातून बोलावून आणणं हाच शहाणपणा होता. पण बोलावून सांगणार काय? की माझ्या वडिलांनी तुमचा समुद्र ओतला? दादा अंगात धुतलेला सदरा घालून आले होते. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना हळूहळू कळायला लागलं होतं, की आपल्या हातून काहीतरी झालंय. सर यायच्या आत टाकी भरलेली असली, मासे पोहत असले, तर ओतल्याचं कुणाला कळणारही नाही, असं मला वाटलं. (पिंप रिकामं आहे, हे मी विसरलो. गुलाब तर विसरलोच.)

गफूरमामू म्हणाले, "गौतम, कॅन्टीनमधून खडा मीठ आणू का? जल्दी. थोडा अंदाजानं टाकू."

दादांना ते लागलं. "आमच्या पाण्याला मीठ? मामू, आमी कालवणात मीठ टाकत न्हाई. गरजच पडत न्हाई."

मी बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून चाटलं. मग डब्यातल्या पाण्यात. मग पुन्हा बादलीतल्या. मामूंनी आणि दादांनीही चाटलं. आमटीची चव घ्यावी तसे आम्ही तिघे आळीपाळीने चाटत उभे होतो. फरक होता. मोठा होता. पण दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना मी आमच्या विहिरीबद्दल असं ताठ मानेनं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मी म्हणालो, "बराबर आहे."

बारा डबे टाकीत रिकामे झाले. मी मासे सोडले. खडक ठेवला. घड्याळात पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली, कारण निरीक्षण नोंदवायची सवय सरांनी लावली होती.

पहिली दहा मिनिटं मासे पोहले. खरंच पोहले. दादा काचेला नाक लावून उभे होते. ते कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "आपल्या पाण्यात पवून राह्यले, गौतम." त्यांच्या आयुष्यात मी त्यांना दिलेला तो सगळ्यात मोठा आनंद. दहा मिनिटं टिकला.

पंधराव्या मिनिटाला समुद्रफूल मिटलं. विसाव्याला मासे वाकडे पोहू लागले. मी वहीत तसं लिहिलं. खेकडा शंखासकट खडकावर चढला, पाण्याबाहेर येऊन बसला आणि पुन्हा खाली उतरायचं नाव घेईना. गफूरमामू म्हणाले, "बस, एक यालाच अक्कल आहे इथं." मी त्याला त्याच्या जुन्या पाण्याच्या बादलीत ठेवलं. दादांसमोर मासे बाहेर काढायला मात्र हात धजला नाही. चाळिसाव्या मिनिटाला पाचवा मासा उलटा झाला. मी तेही लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

सर आले तेव्हा दादा दारातच हात जोडून उभे राहिले. "साहेब, शिळं पाणी मी वतलं. पोराचा बिलकुल दोष न्हाई."

सर टाकीजवळ गेले. मग त्यांनी कपाट उघडून काचनळी काढली आणि पाण्यात सोडली. समुद्राच्या पाण्यात ती ताठ उभी तरंगायची. आमच्या पाण्यात ती बुडाली आणि तळाला टेकली, म्हणजे समुद्राच्या मानाने ते खारं नव्हतंच. सरांनी पाणी एका बाटलीत भरून घेतलं, ते पिण्याजोगं आहे का, याच्याही दोन-तीन परीक्षा केल्या. मी रागाची वाट बघत होतो. मला राग हवा होता.

सर दादांना म्हणाले, "हे पाणी तुम्ही पिता?"

"आमी न्हाई तर कोण पेणार, साहेब? गाव तर पेत न्हाई."

सर त्यांच्या स्टुलावर बसले. समोर टाकी होती, पण त्यांनी टाकीकडे पाहिलं नाही.

त्या आठवड्यात सगळे गुलाब वाळले. प्राचार्यांनी चौकशी लावली. नवी माती आली, नवी रोपं आली, आणि पुन्हा कुणाला पिंपातून पाणी घालायची गरज पडू नये म्हणून वाफ्यापर्यंत नळ टाकला गेला. गोड्या पाण्याचा. पंधरा दिवसांत! सहायकाच्या जागेसाठी सरांनी शिफारस लिहिली होती, पण तिच्यावर प्राचार्यांची सही लागत होती, आणि प्राचार्य रोज सकाळी त्या वाफ्यावरून येत.

सरांनी आणखी एक कागद लिहिला. कॉलेजच्या शिक्क्याचा. हे पाणी पिण्यास योग्य नाही, त्यात सोडलेले मासे चाळीस मिनिटांत मेले, असं त्यात माझ्या नोंदींसह लिहिलं होतं. दादा तो कागद घेऊन ग्रामपंचायतीत गेले. सोबत मी, वाचून दाखवायला. ग्रामसेवकाने तो दोनदा ऐकला.

"हे मासे मेल्याचं झालं. माणूस कुणी मेलं का?"

दादा खोटं बोलत नसत. "न्हाई."

"मंग?"

कागद त्याने ठेवून घेतला. जपून ठेवतो म्हणाला.

खेकडा वाचला. दिवाळीत सर त्याला बुधल्यात घालून मालवणला घेऊन गेले आणि तिथेच सोडून आले. त्याच्या बाबतीत तरी जागेची सोय झाली.

त्या दिवशी आम्ही पंचायतीतून घरी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. मायनं न विचारता तांब्या पुढे केला. तहान लागली होती. मी तो गटागटा प्यायलो, आणि मग ओट्यावर बसून, शिकलेला माणूस म्हणून, घड्याळाकडे बघत राहिलो.

चाळीस मिनिटं झाली. मला काही झालं नाही. ग्रामसेवकाचं बरोबर होतं.