बाबांच्या नावाची बुरशी

पानांवर काजळीसारखे ठिपके पाडणाऱ्या सूक्ष्म बुरशीच्या एका प्रजातीची फेरमांडणी मी करते आहे. तिच्यात ढीगभर जाती नोंदवलेल्या. त्यांतल्या खऱ्या किती आणि एकाच बुरशीची दोनदोन बारशी कितीदा झाली, हे शोधायचं. दुसऱ्यांनी घातलेली बारशी मी खुशाल मोडीत काढत होते. मग पाळी माझ्याच जातीवर आली.

ती मला पीएचडीच्या वेळी लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या परसात सापडली होती. आमच्या धंद्यात बुरशीआधी झाड ओळखतात. झाड वेगळं तर बुरशीही बहुधा वेगळी. हे झाड लहान होतं, ना फूल ना फळ. बाबा म्हणाले, "रामफळ आहे. मीच लावलंय की." रामफळावर असली बुरशी कुणी नोंदवली नव्हती. मी ती नवी ठरवली आणि तिला बाबांचं नाव दिलं. बाबांनी बातमी मंडी मोहल्ल्यातल्या भाजीवाल्यापर्यंत पोचवली. हेब्बाळच्या कारखान्यात जन्म काढून जे नाव झालं नाही, ते बुरशीने केलं.

पुढे झाडाला फळं धरली. सीताफळं. मी ती दरवर्षी मागून मागून खाल्ली, पण डोक्यात प्रकाश पडला नाही. आणि सीताफळावरची ही बुरशी माझ्या जन्माआधीच कुणीतरी नोंदवून ठेवलेली.

माझी चूक होतीच, पण जास्त धास्ती बाबांना सांगायची. बीजाणू त्या जुन्या नोंदीपेक्षा थोडे लांब भरले असते तरी माझी जात वाचली असती. मी शंभर मोजले, पुन्हा शंभर मोजले. एकही वाढायला तयार नव्हता.

शेवटी सांगून टाकलं, "बाबा, तुमच्या नावाची जात रद्द करावी लागतेय. ते झाड सीताफळाचं."

"ते कळलं होतं मला. तू खात होतीस, मला वाटलं तुलाही ठाऊक आहे." मग म्हणाले, "कुणाला कळणार आहे? सुम्ने, गुपचूप राहू दे तसंच."

"मला कळलंय ना, बाबा."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कॉफीसुद्धा पाठ फिरवून प्यायले. तिसऱ्या दिवशी मी लेख पाठवला आणि घरी आले, तर फाटकाशी ते शेजाऱ्यांना सांगत होते, "माझंच नाव काढून टाकलं हिनं. सख्ख्या बापाला सोडत नाही, बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?"

इतक्या तोऱ्यात सांगत होते, की मला तिथेच रडू आलं.