गार आमटी

निवडीचं स्वातंत्र्य ही माणसाची सर्वांत मोठी मिळकत आहे. आमच्या कर्वेनगरच्या घरात ते रोज रात्री जेवताना वापरलं जाई, आणि आमटी गार होई.

नोकरीच्या वर्षांत आम्ही नवरा-बायको क्वचितच एका वेळी जेवलो. निवृत्तीनंतर दोघांनी निवांत, गप्पा मारत जेवावं, एवढंच बायकोचं मागणं होतं. तेवढ्यात मुलीनं हौसेनं टीव्हीवर ओटीटीची अ‍ॅप घालून दिली.

मंडईत द्राक्षं चाखून बघितल्याशिवाय ही घेत नाही. इथेही तेच सुरू झालं. प्रत्येक मालिका थोडी चाखायची आणि पुढे जायचं. बहुतेक मालिकांत अंधार असे आणि त्यात कोणीतरी पिस्तूल घेऊन उभा असे. त्याचं पुढे काय झालं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. ताटं वाढलेली, रिमोट माझ्या हातात आणि दोघंही गप्प.

परवा आमटी पुन्हा गरम करून आणताना ती म्हणाली, "अहो, यासाठी निवृत्त झालो का आपण?"

"तूच म्हणतेस ना, पुढचं बघू म्हणून."

"आता म्हणते, बंद करा."

मी टीव्ही बंद केला. मुक्कामी पाहुणे एकदाचे रिक्षात बसल्यावर घराला जसं हलकं वाटतं, तसं वाटलं. कितीतरी दिवसांनी आम्ही समोरासमोर बसून, बोलत, गरम जेवलो.

"आमटीत मीठ कमी आहे," मी म्हणालो.

ते दिवाळीपासूनच कमी होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं.