अर्थाचा रकाना

पेंटरकाकांनी चाळीस वर्षं ज्याचा एकच अर्थ निघेल असंच लिहिलं. 'पुढे रस्ता बंद', 'हॉर्न वाजवू नका', 'येथे थुंकू नये'. थुंकणारे थुंकतच राहिले, पण कळलं नाही म्हणून नव्हे. त्यामुळे दाखल्यांच्या कचेरीने लोकांच्या बसायच्या खोलीची भिंत त्यांच्या हवाली केली आणि "काहीतरी बरं काढा" एवढंच सांगितलं, तेव्हा काकांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी खिडकी काढली, खिडकीशी रिकामी खुर्ची आणि टेबलावर वाफाळता कप. माणूस काही काढला नाही.

झालं, कचेरीला काम मिळालं. हेडक्लार्कना त्या खुर्चीत आपली निवृत्ती दिसली. युनियनच्या पुढाऱ्याला साहेबांची गैरहजेरी दिसली. साहेबांनाही नेमकी तीच दिसली आणि त्यांचं पित्त खवळलं. काका सगळ्यांना सांगत, "चित्र माझं, अर्थ बघणाऱ्याचा." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं, की कुणी विचारलं नाही तरी ते ऐकवत.

साहेबांनी छापील अर्ज धाडला. आकार, रंग, अर्थ, असे तीन रकाने. सोबत निरोप: शनिवारपर्यंत अर्थ भरा, नाहीतर भिंत पांढरी होईल. काकांनी जन्मात एकच चित्र काढलं होतं, त्यावर पांढरा हात फिरलेला त्यांना बघवला नसता. तरी त्यांनी दोन रकाने वळणदार अक्षरात भरले आणि तिसरा कोरा ठेवला.

शनिवारी हेडक्लार्कनी अर्ज उलटसुलट पाहिला. "हा अपुरा आहे. साहेबांपुढे ठेवता येत नाही."

"मग परत द्या."

"परत द्यायला साहेबांची सही लागते."

"आणि भिंत?"

"अर्ज निकाली निघेपर्यंत तिला हात लावायचा नाही. साहेबांचाच नियम आहे."

काका तरंगत घरी आले आणि तसेच काकूंना घेऊन कचेरीत गेले. चित्र वाचल्याचा आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता. काकू बराच वेळ भिंतीसमोर उभ्या राहिल्या. काका आपलं वाक्य जिभेवर घेऊन शेजारी तयारच होते.

"हा आपलाच कप," काकू म्हणाल्या. "रोज मी तो तुमच्यापुढे ठेवते, जरा बसते, आणि उठून जाते. मी कधी उठले ते तुम्हाला चाळीस वर्षांत कळलं नाही. न बघता काढलंत, पण बरोबर काढलंत."

"अगं, त्याचा अर्थ तसा नाही..."

"अर्थ बघणाऱ्याचा ना?" काकू शांतपणे म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

तो रकाना भरून टाकला असता तर बरं झालं असतं, असं काकांना पहिल्यांदाच वाटलं.