उतारावरचा दगड

अकोल्याच्या कापूसबाजारात गाडीवान बोलत होते, पूर्णेच्या उतारावर माणूस वाहून गेला. कोण, म्हणून मी विचारलं, तर त्यांनी माना खाली घातल्या... माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी. महिना उलटला, पण माझा राग अजून गेलेला नाही.

नदी ओलांडण्याच्या त्या जागेची राखण गावाने भाऊजींकडे दिली होती. पात्रात त्यांनी दगड रोवला होता नि कमरेएवढ्या उंचीवर चुन्याचा पट्टा ओढला होता. पट्ट्याला पाणी लागलं की गाड्या थांबल्याच पाहिजेत, मग गाडी पाटलाची का असेना. विलायतेला आपला कापूस हवासा झाल्यापासून गाडीवानांना दम नव्हता, तरी भाऊजींचा शब्द कुणी मोडत नसे. माणूस हेकट. जेवतानाही तोंड नदीकडे. लग्न माझ्याशी लागलं की पूर्णेशी, असं ताई चिडवायची.

वैशाखात ते तापाने अंथरुणाला खिळले. गाडीवानांनी त्या दगडालाच नवस केला, आमचा राखणदार उठू दे, तुला काठावर ओटा बांधू. भाऊजी उठले. जाऊन पाहतात तो दगड ओट्यावर, अंगभर शेंदूर, पुढे नारळाच्या करवंट्या. मायेपोटी केलेलं, शिव्या तरी कुणाला द्यायच्या? बसलेला देव हलवायला कुणी हात लावेना. नवा दगड घडवायचा तर पाथरवट सगळे आगगाडीच्या पुलावर. बांबू रोवला, तो धारेनं वाके. शेवटी भाऊजी म्हणाले, “मंग मीच उभा रायतो. माह्या कमरेले पानी लागलं का थांबजा.”

ज्येष्ठात वर मेळघाटात पाऊस पडला, इथे लख्ख ऊन. पाणी कमरेला लागताच भाऊजींनी हात वर केला. काठावरच्या गाड्या थांबल्या. पात्रातल्या गाड्या पलीकडे लागेपर्यंत ते हात वर करून उभेच राहिले... आणि लोंढा आला. त्या दिवशी एक बैलही बुडाला नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्याच गाडीवानांनी दगड उचलून जुन्या जागी रोवला. आता बरा हात लागला त्यांचा! मी गेलो तेव्हा ताई पाण्यात बसून राखेनं दगड घासत होती. रोज कुणीतरी शेंदूर लावून जातं, रोज ती काढते. राहू दे, म्हटलं मी. तिचा हात थांबला नाही.

“याले देव नोको होऊ देऊ, बाबू. देव झाला का लोक त्याले वर नेतात.”

मी राख घेऊन तिच्याशेजारी पाण्यात बसलो.